बेगोनियांचा मुराळी

बेगोनिया हे फूल खानदेशात लावायचं नाही. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, म्हणजे ज्यांना फक्त सल्ला हवा असेल त्यांचा वेळ वाचेल. संपादकांनी माळीकामातले अनुभव लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना म्हणालो, आमच्या धंद्यात जगलेली झाडं विसरायला होतात आणि मेलेली तेवढी लक्षात राहतात. ते म्हणाले, मग मेलेल्यांचंच लिहा. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी फुलमाळी, पिंप्राळ्याचा. जळगावात कापसाच्या एका विलायती कंपनीच्या मॅनेजरचा बंगला होता. तिथे मी बावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा हेडमाळी म्हणून. हेडमाळी म्हणजे फार मोठा हुद्दा समजू नका. माझ्या हाताखाली मोटेवरचा एक म्हातारा आणि दोन बैल होते, आणि त्यातला एक बैलच तेवढा माझं ऐकायचा. साहेब दर चार-पाच वर्षांनी बदलत. नवा साहेब आला की नवी मडम येई आणि नव्या मडमेबरोबर नवं वेड येई. एकीला गुलाब, एकीला नुसती हिरवळ. एकीला फुलांचं काहीच नव्हतं, तिला कोबी हवा होता. बेगोनियावाली मडम त्यांच्या नंतरची, दुसऱ्या लढाईच्या थोडी आधीची. उंच, हाडकुळी बाई. उन्हाने नाकाची साल निघालेली असायची, तरी टोपी घालून माझ्याबरोबर वाफ्यात उकिडवी बसायची. बाकीच्या मडमा व्हरांड्यातून बोट दाखवत. ही हाताने माती चाळायची, त्यामुळे तिच्याविषयी मला थोडा आदर होता आणि थोडा त्रासही.

विलायतेहून लाकडी खोक्यात, कोरड्या वाळूत घालून तिने कंद मागवले. बेगोनियाचा कंद दिसायला लहान सुरणासारखा. एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने वाटीसारखा खोलगट. मी विचार केला, वाटीत पाणी साचलं तर कंद कुजणार. म्हणून पहिल्या वर्षी सगळे कंद शहाणपणाने पालथे लावले. महिनाभर काही उगवलं नाही तेव्हा मडमेने एक उकरून पाहिला. कोंब त्या वाटीतच फुटतात. ते बिचारे खाली तोंड करून मातीत वाट शोधत होते. मडम पोट धरून हसली आणि मग जेवणाच्या खोलीत जाऊन साहेबालाही सांगून आली. मला हसू आलं नाही.

त्याच खोक्यातला एक कंद साहेबाने धुळ्याच्या एका वकिलाला भेट दिला होता. दोन महिन्यांनी वकीलसाहेब कोर्टाच्या कामाला जळगावी आले, तेव्हा फूल कसं आलं म्हणून मी विचारलं. ते म्हणाले, "फूल कसलं रे? आमच्या आईने चिंच घालून भाजी केली. सगळ्या घराचे घसे दोन दिवस धरले होते." कंपनीच्या मॅनेजरने दिलेली वस्तू वाया कशी घालवायची, म्हणून सगळ्यांनी ती खाऊन संपवली होती.

खरी अडचण एका शब्दाची होती. मडमेच्या पुस्तकात बेगोनियाला उन्हाळी फूल म्हटलं होतं. ती मला पान उघडून दाखवायची, जणू मला इंग्रजी वाचता येतं, आणि म्हणायची, "देखो माली, गरमी का फूल." आता विलायतेतला उन्हाळा म्हणजे आपला मार्गशीर्ष. हे मी तिला कितीतरी वेळा सांगितलं. पावसाळ्यात नाही तर थंडीत लावू, चांगलं येईल, असंही सांगितलं. पण तिच्या बापाच्या बागेत ही फुलं उन्हाळ्यात यायची, तेव्हा इथेही ती उन्हाळ्यातच यायला हवी होती. पुढल्या वर्षी वैशाखात कुंड्यांतली झाडं उभ्या उभ्या शिजली. देठ हाताला उकडलेल्या भाजीसारखे लागत. मग वाळ्याचे पडदे लावून, पाणी मारून मारून एक खोली गार केली, तर त्या कोंदट ओलीत उरलेली कुजली.

सावद्याची युक्ती माझी. तिचा मला आजही अभिमान आहे, आणि पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. माझी मोठी बहीण, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, सावद्याला दिलेली. तिच्या यजमानांचा, दाजींचा, केळीचा बाग. ज्याने खानदेशात भर वैशाखात केळीच्या बागेत पाऊल टाकलं आहे त्याला मी काय म्हणतो ते कळेल. बाहेर फुफाटा पायाला चटके देतो. शेवरीच्या दाट कुंपणातून आत शिरलं की वारा थांबतो, वर पानांचं छत, खाली पाटाच्या पाण्याने भिजलेली जमीन. बेगोनियाला हवं असतं ते तेवढंच. लू नको, ऊन गाळून आलेलं, मुळाशी गारवा. मी मडमेला म्हणालो, उन्हाळाभर कुंड्या सावद्याला ठेवू, कळ्या धरल्या की इकडे आणू. पहिल्या वर्षी निम्म्या जगल्या. दुसऱ्या वर्षी बऱ्याचशा जगल्या आणि तीन फुलल्यासुद्धा. मडम त्या तीन फुलांसमोर खुर्ची टाकून चहा पीत बसली.

माहीत नसलेल्यांसाठी इथे खतपाण्याचं थोडं सांगतो. बेगोनियाला खत लागतं, पण ते पातळ करून, पोटाला चिमटा काढून द्यायचं. भुईमुगाची पेंड मडक्यात चार-पाच दिवस भिजत घालायची, वास नाकाला सोसवेनासा झाला की फडक्यातून गाळायची, आणि त्यात पाणी ओतत जायचं ते बिनदुधाच्या चहाचा रंग येईपर्यंत. कोरड्या मातीत हे कधी घालायचं नाही, मुळं जळतात. आधी साधं पाणी, मग हे, आणि तेही आठवड्यातून एकदा, कुंडीला एक पेला. जास्त दिलं तर झाड खूश होतं, पान तळहाताएवढं होतं, आणि फूल विसरून जातं. मडमेचं एक वाक्य ठरलेलं होतं. "माली, थोडा भूखा रखो. भूखा रहेगा तो फूल देगा." मला ते वाक्य फार पटलं होतं. मी ते जाईल तिथे ऐकवायचो.

आता अक्काच्या घरचं सांगायला हवं. अक्काला एकच मूल, गिरजा. ती दोंडाईच्याकडच्या एका गावात दिली होती. लग्नाच्या पंगतीत कुणाला आधी वाढलं, कुणाला मागून, यावरून दाजींचं आणि तिच्या सासऱ्याचं वाजलं. दाजींनी त्या गावाची वेस ओलांडणार नाही अशी शपथ घेतली. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली प्रत्येक मुलगी माहेरी येते. झाडाला झोके बांधतात, गौराई बसते, खापरावरचे मांडे होतात. पण मुलगी आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस, मुराळी, जावा लागतो. भाऊ असला तर भाऊ, भाऊ नसला तर मामा. गिरजेला भाऊ नव्हता. तिच्या सासरकडून एकदा गाडीवानाबरोबर निरोपही आला होता की बाप नको, मामाला पाठवा. मामा म्हणजे मी.

मी गेलो नव्हतो. एक वर्ष नाही, तीन वर्षं. तिन्ही आखाजींना मडमेने मला दोन दिवसांची रजा दिली होती, पण ती कुंड्या सावद्याला पोचवण्यासाठी. ऊन चढायच्या आत त्या हलवायला हव्यात, आणि ऊन चढतं ते नेमकं आखाजीला. दर वेळी मी अक्काला म्हणायचो, "पुढल्या साली नक्की जातो." ती म्हणायची, "बरं." मलाही वाटायचं, सासरचे लोक हट्टी आहेत, आपण गेलो तरी पोर देतीलच असं कुठे आहे. न जायला एवढं कारण पुरेसं होतं.

तिसऱ्या आखाजीची गोष्ट. त्या साली मडमेची मुलगी विलायतेहून यायची होती. सहा वर्षांची असताना तिला शाळेसाठी तिकडे ठेवलं होतं, ती आता अठरा वर्षांची होऊन ज्येष्ठात बोटीने येणार होती. मधे दोनदाच काय ती मायलेकींची भेट झाली होती. मडमेने मला बोलावून सांगितलं की मिसीबाबा, म्हणजे ती मुलगी, येईल त्या दिवशी व्हरांड्यात बेगोनिया फुललेले हवेत. ही फुलं तिच्या आजोळची, ती ओळखेल. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हातातल्या कंदावरची वाळू झाडत होती. मी म्हणालो, होईल.

वीस कुंड्या मी टोपल्यांत बसवल्या, ओल्या किंतानाने झाकल्या आणि स्टेशनवर नेल्या. आखाजीचे दिवस, फलाट नुसता माहेरवाशिणींनी भरलेला. नव्या बांगड्या, गाठोडी, पुढे मुराळी आणि मागे पोरी. एका म्हाताऱ्याने माझ्या झाकलेल्या टोपल्यांकडे बघून विचारलं, "कोनले लई चालना भाऊ?" म्हणजे कुणाला घेऊन चाललास.

मी म्हणालो, "मडमन्या पोरी शेतस आबा. माहेरले लई चालनु."

आजूबाजूचे हसले. मला माझाच विनोद एवढा आवडला की सावद्याला उतरल्यावर अक्कालाही तोच ऐकवला. "अक्का, घे. या तुझ्या माहेरवाशिणी. महिनाभर सांभाळ." ती हसली नाही. तिने किंतान बाजूला केलं, एका रोपाचं पान बोटाने उचललं आणि म्हणाली, "नाजूक आहे रे. वाटंनं उपाशी आल्या असतीन."

आधीच्या दोन वर्षी मी दर रविवारी गाडीने येऊन खत स्वतः घालत होतो. या वर्षी मिसीबाबासाठी सगळी बाग नव्याने करायची होती, मला हलता येणार नव्हतं. म्हणून मी अक्काला पेंड कशी भिजवायची, कशी गाळायची, रंग कसा हवा, हे तीनतीनदा सांगितलं. आठ दिवसांनी एकदा, बाजाराच्या दिवशी, एक पेला. वर मडमेचं वाक्यही ऐकवलं, थोडं उपाशी ठेव म्हणजे फुलतील. अक्का ऐकत होती. अंगणातल्या निंबाला दाजींनी झोका बांधला होता, त्यावर शेजारच्या पोरी आळीपाळीने बसत होत्या. मी मांडे खाल्ले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

महिन्याने गेलो. बागेत शिरलो तेव्हा आधी मला माझ्या कुंड्या ओळखूच आल्या नाहीत. देठ अंगठ्याएवढे जाड, पानं ताटाएवढी, गर्द हिरवी, तुकतुकीत. अशी बेगोनियाची पानं मी आयुष्यात पाहिली नाहीत. कळी एकही नव्हती. मी वीसच्या वीस कुंड्या खाली वाकून, पानं बाजूला करून पाहिल्या. दोन-तीन झाडं बुडाशी मऊ पडली होती. माती हुंगली तर पेंडेचा उग्र वास, आणि त्यात ताकाचा.

अक्का पाटाच्या कडेला उभी होती. चेहऱ्यावर समाधान होतं. "पाह्य कशा भरल्या," ती म्हणाली. "आल्या तवा काय हाल होते त्याईचे."

"किती घालत होतीस?"

"रोजच घालत होती. सकायी पेंड, आन् ताक उरलं तं थोडं ताक."

"मी आठवड्यातून एकदा सांगितलं होतं."

"सांगतलं होतं तू," ती म्हणाली. "पन माहेराले आलेल्या पोरीले कोनी मापून खाऊ घालतं का रे?"

माझं डोकं फिरलं. मिसीबाबाला यायला तीन-चार दिवस उरले होते. मडमेच्या समोर काय तोंड घेऊन जाणार होतो मी? तीन वर्षांची युक्ती, माझं नाव, सगळं त्या पानांत गेलं होतं. मी अक्काला पुष्कळ बोललो. अडाणी म्हणालो, नाश केलास म्हणालो. दोघांत आठ वर्षांचं अंतर, लहानपणी तिने मला कडेवर वागवलं, तिला मी कधी वर तोंड करून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. आणि शेवटी म्हणालो, "तुझ्या पोटची पोर आहे का ही? झाड आहे झाड. जास्त खायला घातलं की मरतं."

अक्काने पदराने हात पुसले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माह्या पोटच्या पोरीले आनाले कोनी जात नही. तू ह्याईले आनलं. मंग म्या ह्याईलेच घातलं."

ती घराकडे निघून गेली. दाजी मोटेवर होते, त्यांनी सगळं ऐकलं असणार, पण ते बैलांनाच काहीतरी बोलत राहिले. मी कुंड्या भरल्या. परतीच्या गाडीत मला फार वाईट वाटलं. कुंड्यांचं नाही, त्यांचं जे व्हायचं ते झालंच होतं. तीन वर्षं ती "बरं" म्हणत होती आणि मी ते खरंच बरं समजत होतो, याची लाज वाटली. दर आखाजीला मी मुराळी होऊन तिच्या दारात येत होतो, आणि टोपलीवरचं किंतान काढून तिला झाडं दाखवत होतो.

बंगल्यावर मी काही लपवलं नाही. मडमेने पानं पाहिली, एक पान उलटं करून पाहिलं आणि विचारलं, "किसने खिलाया?" मी म्हणालो, माझ्या बहिणीने. का, ते सांगण्याएवढं हिंदुस्थानी मला येत नव्हतं, आणि आलं असतं तरी सांगितलं नसतं. मी कुंड्यांत भरपूर साधं पाणी ओतून खत धुऊन काढलं, मऊ पडलेली झाडं फेकली, पानं निम्मी खुडली. मग तिच्यासमोर उभं राहून चार दिवसांची रजा मागितली.

"मिसीबाबा सनीचर को आता है," ती म्हणाली. "बाद में जाओ."

मी म्हणालो, "बाद में नहीं, मेमसाब."

बावीस वर्षांत मी बंगल्यावर नाही म्हटल्याचं मला आठवतं ते एवढंच. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मी मोटेवरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, कुंड्यांना रोज ओंजळभर पाणी, दुसरं काही नाही, आणि निघालो.

बंगल्याचं पुढचं इथेच सांगून टाकतो. मी परत आलो तेव्हा माझी नोकरी शाबूत होती, आणि सहा कुंड्यांत कळ्या धरल्या होत्या. चार दिवस खत नाही, पाणी बेताचं, माळीही जागेवर नाही, एवढं त्या झाडांना पुरलं. माळ्याने स्वतःविषयी यातून काय समजायचं ते मी समजलो. मिसीबाबा आली होती. गोरी, गप्प मुलगी. मडम तिला हाताला धरून कळ्यांपाशी घेऊन आली आणि त्यांच्या भाषेत बरंच काही सांगत राहिली. मुलीने वाकून वास घेतला. वास नव्हता. तिने आईकडे बघून मान हलवली, आपण परक्याच्या घरी हलवतो तशी. पुढे पाऊस लागला, कळ्या उमलल्या, मोठी तांबडी फुलं आली. मडम त्यांच्यासमोर खुर्च्या दोन मांडायची. दुसरी कधी भरलेली असायची, कधी नसायची.

तर मी दोंडाईच्याला उतरलो आणि तिथून दोन कोस चालत गिरजेच्या गावी गेलो. वाटेत मनात भांडण जुळवत होतो. ते असं म्हणाले तर आपण असं म्हणायचं, पंगतीचं काढलं तर मानाने माफी मागायची, पोर देत नाही म्हणाले तर ओट्यावर उपाशी बसायचं. घर सापडलं. गिरजेची सासू दारात शेंगा फोडत बसली होती. मी नाव सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"पोरना मामा ना तुम्ही?" ती म्हणाली. "बठा. पानी पेवा."

मी पाणी प्यालो आणि उभ्यानेच म्हणालो, "गिरजेला न्यायला आलो आहे. आखाजी होऊन गेली, मला ठाऊक आहे. उशीर झाला. आमचं काही चुकलं असेल तर..."

"लई जा ना," ती म्हणाली. "आम्हीन कव्हय नही म्हनं? तीन वरीस वाट दखी. मुराळीच उना नही."

एवढंच. मुराळीच आला नव्हता. मी जुळवलेलं भांडण माझ्यापाशीच राहिलं. सासरा आला, त्याने रामराम केला, पंगतीचं नाव काढलं नाही. उलट मलाच म्हणाला, "तुम्हले नोकरीमा सवड नही व्हई." त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. गिरजा आतून आली. लग्नातली गोल चेहऱ्याची पोर वाळली होती, गालफडं वर आली होती. आजारी नव्हती, कुणी छळतही नव्हतं. शेतात कामाच्या घरी दिलेली पोर अशीच होते, ते लोकही तसेच वाळलेले होते. ती पाया पडली आणि म्हणाली, "मामा, कुंड्या बऱ्या आहे नं तुमच्या?"

कुणीतरी तिला सांगितलं असणार की मामाला कुंड्या पोचवायच्या असतात म्हणून तो येत नाही. दर आखाजीला ते ऐकून तिने खरं मानलं होतं. मी म्हणालो, "बऱ्या आहेत." तिचं गाठोडं बांधून व्हायला मी तंबाखू मळेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सावद्याला पोचलो. अक्काला काही कळवलेलं नव्हतं. ती अंगणात कुरडया उलटत होती. गिरजेला बघून ती उठली नाही, बसल्या जागीच तिचे हात थांबले. गिरजाच जाऊन तिच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. दाजी पाठ फिरवून गोठ्यात गेले आणि तिथे बराच वेळ काहीतरी शोधत राहिले. मी पाय धुतले.

आखाजी सरून महिना झाला होता, तरी अक्काने डाळ शिजवली, खापर तापवलं आणि मांडे केले. आंब्याचा रस काढला. शेजारच्या बाया येऊन गिरजेला बघून गेल्या. जेवायला आम्ही तिघं बसलो, दाजी, मी आणि गिरजा. पोर आधी लाजत, मग भुकेने जेवायला लागली. पहिला मांडा संपला. अक्का चुलीपुढून दुसरा घेऊन आली, लेकीच्या ताटावर वाकली आणि तशीच थांबली. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"भाऊ," तिने विचारलं, "वाढू का हिले? का जास्त होईन?"

टोमणा असता तर मी सोसला असता. टोमणा नव्हता. मी माळी, मला यातलं कळतं, म्हणून ती मला खरोखरच विचारत होती.

"वाढ अक्का," मी म्हणालो. "पोटभर वाढ."

तिने माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, मांडा मधोमध मोडला आणि अर्धाच वाढला.